रस्त्यालाही मालडबा हवा

प्रति,
मा. महापौर,
उज्जैन नगर निगम, उज्जैन.



आयुक्तांची बदली होते, महापौर गावातच राहतात. म्हणून हे पत्र आपल्या नावे. हिंदीतलं निवेदन रीतसर येईलच. हे मराठीत अशासाठी, की सिंहस्थ म्हणजे काय असतं ते जाणणारी माणसं मराठी मुलखातही आहेत. नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ 2026-27 मध्ये, आमचा 2028 मध्ये. दोन्हीकडे रस्त्यांची मापं घेणं चालू आहे, आणि दोन्हीकडच्या नकाशात एका वाहनाला जागा नाही. ते वाहन म्हणजे माल लादलेली सायकल.

मी कार्तिक चौकात राहते आणि डबे पोहोचवते. स्वयंपाक घरी, गिऱ्हाईक बहुतेक फ्रीगंजकडे: खोल्या करून राहणारी मुलं, बदलीवर आलेले एकटे साहेब, ज्यांची पोरं पुण्याला नाहीतर परदेशी गेली अशी म्हातारी जोडपी. सकाळची भाजी याच सायकलवर येते, आणि परतताना रिकाम्या डब्यांसोबत गिरणीतलं पीठ, तेलाचा डबा, कधी गॅसची टाकी. बारा महिने हेच. रविवारी दाल-बाफले असतात, त्या दिवशी सायकल आणखी जड होते. बाफला हा पदार्थ पोटात आणि कॅरिअरवर सारखाच बसतो.

सायकल साधी, काळी, 22 इंची. मागचा कॅरिअर वेल्डिंगवाल्याकडून वीतभर लांब करून घेतलाय. त्याच्या दोन्ही अंगांना, दूधवाले कॅन अडकवतात तशा कड्या मारून पत्र्याच्या दोन पेट्या टांगल्यात. ओझं जितकं खाली, तितकी सायकल कह्यात. तेच ओझं कॅरिअरवर उंच रचलं तर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल भलतीकडे ओढतं. स्टँड दोन पायांचा, जाड पट्टीचा. तो नसला तर भरलेली सायकल कुठे उभीच करता येत नाही. यातलं काहीही दुकानात तयार मिळत नाही. उज्जैनमधल्या प्रत्येक दूधवाल्यानं, पाववाल्यानं, फुलांच्या टोपल्या नेणाऱ्यानं आपापली गाडी अशीच घडवून घेतलेली असते.

इलेक्ट्रिक स्कूटर का घेत नाही, असं मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. घेईनही. पण सिंहपुरीच्या गल्लीत समोरून म्हैस आली तर स्कूटर मागे घेता येत नाही, सायकल भिंतीला टेकवून उभी राहता येतं. आणि रस्ता बंद असला तरी सायकल ढकलत नेणाऱ्या बाईला शिपाई बहुधा सोडतो, कारण ती मोटार नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात पायानं चालणारी सायकल येतच नाही. परवाना नको, नंबर नको, विमा नको. त्यात सुख आहे. तोटा एवढाच, की ज्याला नंबर नाही त्याची कुठे नोंदही नाही, आणि माझं सगळं गाऱ्हाणं त्या नोंदीपाशीच येऊन थांबतं.

पण आधी हवामान, कारण सायकलवाल्याचं पंचांग वेगळं असतं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, लू चालते, आणि दुपारच्या डांबरावर ट्यूबचं ठिगळ सुटतं. पाण्याची बाटली पेटीत डब्यांपाशी ठेवली तर तासाभरात चहाच्या पाण्याइतकी तापते. ती हँडलला, ओल्या फडक्यात. थंडीबद्दल माझी काही तक्रार नाही, धुक्याच्या मोजक्या सकाळी आणि दिवे न लावणाऱ्या ई-रिक्षा सोडल्या तर.

खरी परीक्षा पावसाळ्याची. मालव्याची माती काळी, कापसाची. रस्ता खोदून पाइप टाकला की चर त्याच मातीनं बुजवतात. कोण खोदतं आणि कोण बुजवतं हे मी विचारत नाही. पहिल्या दोन सरींत ती माती टायरला धरते, टायरबरोबर वर जाते, मडगार्डच्या आत थरावर थर बसते आणि दहा-पंधरा पावलांत चाक फिरायचंच थांबतं. मग रस्त्याच्या मधोमध स्टँड लावायचा, पेट्या उतरवायच्या, वाकून मडगार्डच्या आतली माती उकरून काढायची. बोटानं ती निघत नाही. त्यासाठी पावसाळाभर माझ्या दांड्याला बांबूची एक कामटी सुतळीनं बांधलेली असते. दूधवाले मागचं मडगार्डच काढून टाकतात. पाठीवर चिखलाची रेघ चालत असेल त्यानं तसं करावं.

दुसरं ब्रेकचं. लोखंडी रिम ओली झाली की रबराचे गुटके नुसते घसरतात. फ्रीगंजच्या पुलावरून भरली सायकल उतरवताना वरूनच ब्रेक हलके दाबून धरायचे, म्हणजे रिम पुसली जात राहते आणि खाली चौराह्यावर सायकल थांबते. पुलाच्या चढावर मात्र कुणी चालवत नाही, उतरून ढकलतात: डावा हात हँडलवर, उजवा सीटवर, अंग पुढे झुकलेलं. त्या वेळी बाई आणि सायकल मिळून रस्त्याची चांगली चार फूट जागा घेतात, आणि मागची बस त्या चार फुटांसाठी हॉर्न वाजवत राहते. बसवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दिलेल्या रस्त्यात मी धरलेलीच नाही.

धरलेली नाही हे मी चिडून म्हणत नाही, तो हिशेबच तसा आहे. रस्ता किती वाहतूक पेलेल हे ठरवताना इंजिनियर प्रत्येक वाहनाला मोटारीच्या तुलनेत एक आकडा देतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत मोटार म्हणजे 1. सायकल 0.4 ते 0.5, सायकलरिक्षा 1.5 ते 2, हातगाडी 2 ते 3. म्हणजे हातगाडी दोन-तीन मोटारींइतका रस्ता अडवते असं गृहीत. असेलही. कोण किती अडवतं याचा हा तक्ता आहे. कोण किती पोहोचवतं याचा रकाना त्यात नाही. एका मोटारीतून एक माणूस फ्रीगंजला जातो. एका हातगाडीतून अख्ख्या गल्लीची भाजी जाते. आणि दोन पेट्या लावलेली सायकल तक्त्यात नुसती सायकल म्हणून येते, शाळकरी पोराच्या सायकलीसारखी अर्धी मोटार. जनगणनेचंही तेच. 2011 मध्ये देशातल्या सुमारे 45 टक्के घरांत सायकल होती, स्कूटर-मोटरसायकल 21 टक्के घरांत. कामाला कशानं जाता हेही त्या जनगणनेनं विचारलं होतं. जाताना सोबत काय नेता, हे नाही विचारलं.

महापौर महोदय, आपण मुंबईला गेला असाल तर लोकलमधला मालडबा पाहिला असेल. सकाळी त्यात कोळणींच्या पाट्या, भाजीची गाठोडी, डबेवाल्यांची लांबलचक लाकडी खोकी चढतात. डबेवाल्यांचं काम 1890 पासून चालू आहे; स्टेशनाबाहेर त्यांच्या सायकली आणि हातगाड्या, स्टेशनात मालडबा. रेल्वेनं हा डबा कुणाच्या दयेपोटी दिलेला नाही. पाटी घेतलेला माणूस साध्या डब्यात घुसला तर त्याचेही हाल आणि बाकीच्यांचेही, हे ओळखून ओझ्यासकट माणसाला प्रवासी मानलं आणि गाडीत त्याची जागा आखली. रस्त्याला असा मालडबा का नसावा? पिढ्यान् पिढ्या जी गोष्ट एका लोकल गाडीला जमते, ती शहराच्या रुंद होणाऱ्या रस्त्याला न जमण्यासारखी नाही.

यावर मला सायकल ट्रॅकचं चित्र दाखवलं जाईल, म्हणून तेही बोलून टाकते. पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं आणि ट्रॅकही तिथे पुष्कळ बांधले गेले. माझी बहीण तिथे असते. तिच्याकडे गेले की मी ते मुद्दाम बघते. ट्रॅक पदपथाच्या उंचीवर, चढायला खरबरीत उतार, तोंडाशी मोटरसायकली शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब, आत शिरलेल्या मोटरसायकली उभ्या. त्या खांबांमधून माझ्या पेट्या जात नाहीत. तो ट्रॅक रिकाम्या सायकलीसाठी, किंबहुना रिकाम्या रविवारसाठी केलेला असतो. भोपाळला 2017 साली भाड्याच्या सायकली आणि त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आला, कौतुकाची गोष्ट आहे, पण त्या सायकलीच्या टोपलीत एक पिशवी मावते. शहरात सायकल आणायची म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टोपी घातलेला, सकाळी व्यायामाला निघालेला माणूस येतो. जी आधीपासून आहे, पहाटे पाचला दूध घेऊन निघते, तिच्याकडे कुणी बघत नाही.

कोपनहेगनला पुढे मोठी पेटी असलेल्या तीनचाकी सायकली 1984 पासून बनतात आणि दोन किंवा अधिक मुलं असलेल्या घरांपैकी साधारण चौथ्या घरात अशी माल नेणारी सायकल असते. तिथले मंत्रीही त्या चालवतात म्हणे, मला त्याचं अप्रूप नाही. त्या गाडीच्या किमतीत आपल्याकडे जुनी मोटार येईल. शिकण्यासारखी गोष्ट एकच: तिथला रस्ता आखताना सायकल किती रुंद असू शकते याचा विचार सायकलीच्या पेटीसकट होतो.

आता श्रावणी सोमवार. मराठी वाचकांसाठी सांगते: इथला श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो, पण महाकालाची सवारी भाद्रपदाच्या अमावास्येपर्यंत, म्हणजे आपला श्रावण सरेपर्यंत चालते. ही शिंदेशाहीतली मराठी रीत मानतात. दर सोमवारी दुपारी चारला पालखी निघते. गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी, रामघाट, मग कार्तिक चौक, ढाबा रोड, छत्री चौक, गोपाळ मंदिर, पटनी बाजार असा फेरा करून परत. म्हणजे माझं दार सवारीच्या वाटेवरच. माझ्या सासूबाई अजून दाराशी रांगोळी घालतात आणि पालखी येईपर्यंत पाणी पीत नाहीत. सवारीबद्दल माझं काही म्हणणं नाही. बंदोबस्त हवाच, लाखांनी माणूस येतं.

म्हणणं कठड्यांबद्दल आहे. दुपारपासून लोखंडी बॅरिकेड एकमेकांना साखळीनं बांधून गल्ल्यांची तोंडं बंद होतात. मधे एक फट ठेवतात, माणूस आडवा होऊन जाईल एवढी. माझं हँडलच दोन फुटांचं, पेट्यांसकट मागची रुंदी त्याहून जास्त. मग रीत अशी: सायकल कठड्याला टेकवायची, चार खणांचे डबे एकेक काढून पलीकडे ओट्यावर मांडायचे, पेट्या कड्यांतून सोडवायच्या, हँडल काटकोनात फिरवून आधी पुढचं चाक घालायचं, मग दांडा तिरका करून मागचं. पलीकडे पुन्हा सगळं भरायचं. वरणाचा डबा या खटाटोपात कलंडतोच. शिपाई बहुतेक वेळा मदत करतात, डबे धरतात, एकानं एकदा वास घेऊन "आज क्या है दीदी?" असंही विचारलं. फट आणखी थोडी रुंद असती तर या सगळ्याची गरज नव्हती. ती किती रुंद ठेवायची हे कुठेतरी, कुणीतरी, कागदावर ठरवतं, आणि ठरवताना त्याच्या डोळ्यांसमोर मोकळ्या हातांचा माणूस असतो.

हे एका गल्लीचं, एका संध्याकाळचं. आता तेच सिंहस्थात महिनाभर, अख्ख्या शहराला लावून बघा. 2016 चा सिंहस्थ 22 एप्रिल ते 21 मे होता, ऐन आगीत. पर्वस्नानाच्या दिवशी मोटारी शहराबाहेरच थांबवतात आणि थांबवायलाच हव्यात. पण आत राहणाऱ्या आणि आत आलेल्या माणसांना दूध लागतं, पीठ लागतं, बर्फ, फुलं, औषधं लागतात. मोटार थांबते त्या जागेपासून घाटापर्यंतचा शेवटचा पल्ला डोक्यावरून, हातगाडीवरून नाहीतर सायकलवरूनच होतो. दुसरा मार्गच नसतो. 2028 साठी क्षिप्रेच्या काठानं 29 किलोमीटरचे नवे घाट होतायत. घाट वाढले की तिथे चहाची किटली, हारांची टोपली आणि पाण्याचे कॅन नेणारेही वाढणार. मेळ्याच्या आराखड्यात आखाड्यांची वाट असते, रुग्णवाहिकेची असते, पाहुण्यांची असते, पायी भाविकांची असते. ओझ्याची वाट असावी, एवढी साधी मागणी आहे.

ती काय असावी? जिथे रस्ता रुंद होतोय तिथे डावीकडची दोन मीटर पट्टी रस्त्याच्याच पातळीला ठेवा. उंचवटा नको, खांब नकोत, रंगीत फरशी तर नकोच, पावसात ती घसरते. त्या पट्टीवर मोटार उभी करू देऊ नका. जुन्या शहरातल्या रुंदीकरणाला माझा विरोध नाही, पण घरांच्या पडव्या कापून मिळालेली जागा आठवड्याभरात उभ्या मोटारींनी भरते हे रोज दिसतंय, आणि त्यासाठी कुणाची पडवी जायला नको होती. बाजारात दहा मिनिटं माल उतरवायला ठरलेली जागा द्या. गटाराच्या जाळ्या रस्त्याला आडव्या बसवा; उभ्या बसवल्या तर सायकलचं चाक बरोबर फटीत जातं. भरलेली सायकल उलट्या बाजूनं येते ही तक्रार खरी आहे, पण दुभाजकात वळायची जागा इतकी दूर ठेवलेली असते की पन्नास किलो घेऊन कुणीही तेच करील. ओझ्याच्या बेतानं जागा ठेवा, तक्रार आपोआप कमी होईल. सवारीच्या आणि पर्वाच्या दिवशी प्रत्येक बंद वाटेवर एक फट तीन फुटांची असू द्या आणि तिथे एक माणूस. हातगाडीवाल्यांना फेरीवाला कायद्याचा, 2014 चा, थोडाफार आधार आहे; सायकलवरून माल पोहोचवणाऱ्यांना तोही नाही, म्हणून मेळ्यात गाड्यांना पास देता तसा ओझ्याच्या सायकलीलाही द्या.

यातलं काही महाग नाही. पण मोजल्याशिवाय काहीच होणार नाही, हे मला ठाऊक आहे; सरकारी कागदावर जे मोजलं जात नाही ते नसतं. आणि मोजणी सकाळी दहाला सुरू केली तर आम्ही त्यात सापडणार नाही. तोवर दूध उकळून झालेलं असतं, भाजी निवडून झालेली असते, पाव खाल्ले गेलेले असतात.

आपली मुदत 2027 मध्ये संपते, सिंहस्थ त्याच्या पुढच्या वर्षी. पण रस्त्याची रुंदी आपल्याच कारकिर्दीत ठरणार, आणि एकदा डांबर पडलं की पुढचे महापौर ते उकरणार नाहीत. म्हणून विनंती आताच. पहाटे पाच ते नऊ, चामुंडा माता चौराह्यावर, फ्रीगंज पुलाच्या पायथ्याशी, एक माणूस वही घेऊन बसवा. एक साधा दिवस, एक श्रावणातला सोमवार. वहीत दोनच रकाने: कोण गेलं, आणि काय घेऊन गेलं. त्या माणसाचे पोहे मी पोहोचवीन.

कळावे,
आपली नम्र,
कार्तिक चौकातली एक डबेवाली

प्रत माहितीसाठी: मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका. आपली पाळी आमच्या आधी आहे.